मोतीबिंदू पिकेपर्यंत

पूर्वी मोतीबिंदू पिकावा लागे. सत्तरच्या दशकात आमच्याकडे, सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यात, जवळजवळ प्रत्येक घरात एखादं म्हातारं माणूस तो पिकण्याची वाट बघत ओसरीवर बसलेलं असे. तालुक्याचे डॉक्टर बॅटरीचा उजेड डोळ्यात टाकून बघत, बाहुलीत पांढरं किती उतरलंय ते जोखत आणि म्हणत, "अजून कच्चा आहे आजी. पुढच्या थंडीत बघू." पुढची थंडी म्हणजे वर्ष गेलं. त्या वर्षात आधी समोरच्याचा चेहरा पुसट होई, मग पायरीची कड दिसेनाशी होई, मग ताटात कुठली भाजी वाढलीय ते चव घेतल्याशिवाय कळत नसे. तरी कुणी कुरकुर करत नसे. म्हातारपण आलं की डोळे जायचेच, हे घरातल्या सगळ्यांनी आणि त्या माणसानेही धरून ठेवलेलं असे.

माझी आजी अशीच थांबली. डोळ्यांवाचून घर चालवायची तिने बसवलेली रीत मला अजून तपशिलासकट आठवते. नाणी ती अंगठ्याने ओळखायची. पाच पैशांचं चौकोनी, दहा पैशांचं नागमोडी कडेचं, बाकीची जाडीवरून. दूध वर येत असल्याचं तिला आवाजावरून कळे. नातवंडं पावलांवरून ओळखू येत आणि चोरपावलांनी येणारं कोण तेही कळे. तांदूळ निवडणं मात्र सुटलं, कारण खडा बोटाला लागतो, पोरकिडा लागत नाही. सुईत दोरा ओवायचं काम माझ्याकडे होतं. एक गोष्ट आम्हाला चमत्कारिक वाटायची: भर उन्हात तिला अजिबात दिसायचं नाही आणि दिवेलागणीला थोडं दिसू लागायचं. मोतीबिंदूचा डाग भिंगाच्या मध्यावर असला की असंच होतं. उन्हात बाहुली आकसते, सगळा उजेड त्या डागातूनच जातो. संध्याकाळी बाहुली मोठी होते आणि कडेच्या स्वच्छ भागातून थोडा उजेड आत शिरतो. आजीने याचा आपल्यापुरता हिशेब बांधला होता. देवळात जायचं तर सूर्य कलल्यावर.

डॉक्टर थांबायला लावत त्यात त्यांचा हट्ट नव्हता. जुन्या पद्धतीत कच्चं भिंग काढायला गेलं की त्याचा चिकट गर आत मागे राहायचा आणि त्याने डोळा सुजायचा. पिकलेलं भिंग बऱ्यापैकी मोकळं सुटून येई. पुढे पिशवीसकट अखंड भिंग काढायची पद्धत रुळली, गोठवणाऱ्या टोकाला चिकटवून भिंग अलगद उचलता येऊ लागलं, तरीही थांबणं गेलं नाही. कारण दुसरी अडचण पहिलीहून मोठी होती. भिंग काढल्यावर त्या जागी काहीच बसवत नसत. डोळ्याची प्रकाश एकवटायची एकूण ताकद साधारण ६० डायॉप्टर. त्यातली दोन तृतीयांश पुढच्या पारदर्शक पटलाची, उरलेली भिंगाची. ती उरलेली ताकद गेली की माणसाला अधिक दहाच्या आसपासचा चष्मा लागे. सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारख्या काचांचा तो चष्मा त्या काळी गावात ज्याच्या नाकावर असे, त्याचं ऑपरेशन झालंय हे विचारावं लागत नसे. त्या चष्म्यातून जे दिसे ते इतकं वेगळं असे, की निम्मीशिम्मी नजर शिल्लक असलेल्या माणसाला तो सौदा परवडणारा नव्हता. जवळजवळ काहीच दिसेनासं झालं, की मगच त्यात फायदा होता.

थंडीत शिबिर भरे. सुगी आटोपलेली, घाम कमी, माश्या कमी. शाळेचे बाक व्हरांड्यात रचून ठेवत आणि वर्गांत सतरंज्या अंथरत. ज्या बाजूचा डोळा, त्या बाजूला कपाळावर चिकटपट्टी लावत. पापण्यांचे केस बारीक कात्रीने कातरत. स्टोव्हवरच्या भांड्यात हत्यारं उकळत असत आणि स्पिरिटचा वास पटांगणापर्यंत येई. आत दोन टेबलं असत. एकावर शस्त्रक्रिया चाललेली असताना दुसऱ्यावर पुढचा रुग्ण तयार असे. आमच्या दक्षिणेला कर्नाटकात डॉ. एम. सी. मोदी यांनी अशी फिरती शिबिरं चाळीसच्या दशकापासून चालवली आणि त्यांनी एका दिवसात ८३३ मोतीबिंदू काढल्याची नोंद आहे. आज तो आकडा वाचताना छाती दडपते, कौतुकानेही आणि धास्तीनेही. कारण त्या सपाट्यात एखाद्या औषधातून किंवा हत्यारातून जंतू शिरले, तर एका माणसाचा नव्हे, अख्ख्या ओळीतल्या माणसांचे डोळे जाण्याची भीती असे. म्हणूनच पुढे गावात फक्त तपासणी करायची आणि शस्त्रक्रिया रुग्णालयात न्यायची, असं धोरण आलं. ते योग्यच झालं. शाळेचा वर्ग ही शस्त्रक्रियेची जागा नव्हे. पण त्या काळी ज्या डॉक्टरांनी वर्गात उभं राहून ते केलं, त्यांनी केलं नसतं तर त्या हजारो माणसांकडे दुसरं कुणी येणार नव्हतं, हेही तितकंच खरं.

ऑपरेशननंतरचे दिवस आजच्या मुलांना सांगितले तर खोटे वाटतील. दोन्ही डोळ्यांना पट्टी, ज्याला हात लावलेला नाही त्यालाही. डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, वाकायचं नाही, रडायचं नाही. चावायला लागेल असं काही खायचं नाही, म्हणून पेज, शिरा, मऊ भात. आम्हा मुलांना ताकीद होती की आजीला हसवायचं नाही. बुबुळाच्या कडेने जवळजवळ अर्ध्या गोलाइतका काप घेतलेला असे आणि तो धरून ठेवायला रेशमाचे मोजके टाके. जोराच्या शिंकेने आतलं बाहेर येऊ शकत होतं. आजी निजून होती त्या वर्गात एका रुग्णाचा नातू रोज संध्याकाळी पांडवप्रताप वाचायचा. आपल्या आजोबांसाठी वाचायला लागला होता, पण दोन दिवसांत तो सगळ्या वर्गाचा वाचक झाला. पट्ट्या बांधलेली माणसं निश्चल पडून ऐकत आणि अध्याय संपला की एकदम चार-पाच जण पाणी मागत. घरचं माणूस रात्रंदिवस उशाशी असे. आत्या सासरहून आली, काका रजा काढून आले. डोळ्यांचं ऑपरेशन म्हणजे सगळ्या घराचं काम होतं.

खरी हकिगत सुरू झाली ती चष्मा आल्यावर, दीडएक महिन्याने. हिरवी झापड गेली, काळा चष्मा गेला आणि जाड भिंगं नाकावर चढली. आजीने पहिल्यांदा आमच्याकडे बघितलं आणि तिला आनंद झाला, पण त्यासोबत ती दचकलीही. सगळं पाव पटीहून अधिक मोठं दिसत होतं. मोठं दिसलं की मेंदू ते जवळ धरतो, म्हणून कपाकडे गेलेला तिचा हात कपाच्या अलीकडेच मिटायचा. दाराची चौकट मध्यावर वाकलेली दिसे. मान वळवली की भिंती हलत. सगळ्यांत त्रासाचं म्हणजे नजरेच्या कडेला एक गोल आंधळा पट्टा असे. जाड भिंगाच्या कडेशी प्रकाश इतका वळतो की त्या पट्ट्यातलं काहीच डोळ्यापर्यंत पोचत नाही. कुणी बाजूने चालत आलं तर आधी दिसे, मग नाहीसं होई आणि एकदम पुढ्यात उभं राही. डोळा वळवून बघायला जावं, तर डोळ्यासोबत तो पट्टाही सरके आणि जे बघायचंय तेच हरवे. डोळे स्थिर ठेवून सगळी मान वळवून बघायचं, हे तिला कुणी शिकवलं नाही. तिने ते स्वतः शोधून काढलं. दुसऱ्या डोळ्यावर त्या चष्म्यात दुधी काच होती. कारण त्या डोळ्यातलं चित्र लहान आणि या डोळ्यातलं मोठं, ही दोन चित्रं मेंदूला एकत्र जुळवता येत नाहीत. एकाचे दोन दिसू लागतात.

मग घरात सराव सुरू झाला. आजी पाटावर बसायची आणि मी समोर फुलपात्र ठेवायचो, कधी जवळ, कधी लांब. तिचा हात आधी चुकायचा, मग हळूहळू अचूक जाऊ लागला. वडील तिला पायऱ्यांवर न्यायचे. पहिल्यांदा ती पायाने पायरी चाचपायची, मग बघून उतरू लागली. आई दोन वाट्यांत पाणी ओतायला लावायची. मला तेव्हा शब्द नव्हते, पण दिसणं शिकावं लागतं हे मी शाळेत जायच्या वयात समोर घडताना पाहिलं. डोळ्यात उजेड शिरला म्हणजे काम संपलं नाही. आत आलेल्या चित्राचा हाताशी, पायाशी, अंतराशी मेळ मेंदूला नव्याने घालावा लागतो. सत्तरीच्या बाईचा मेंदूही ते काही आठवड्यांत करतो. पुढे मी दृष्टिविज्ञानाबद्दल जे काही वाचलं, त्याचा पाया त्या फुलपात्राच्या खेळात घातला गेला होता.

रंगांचीही एक गंमत झाली होती. चष्मा आल्यावर आजी आईला म्हणाली, "धोतराला नीळ फार घातलीस गं." आईने नीळ नेहमीएवढीच घातली होती. आजीला पांढऱ्यातली निळाई वर्षानुवर्षं दिसलीच नव्हती. वयाने भिंग पिवळं, पुढे तपकिरी होत जातं आणि निळा उजेड आतच अडवतं. हे इतकं सावकाश होतं की माणसाला पत्ता लागत नाही. मेंदू तो पिवळेपणा वजा करून पांढऱ्याला पांढरंच म्हणत राहतो. भिंग निघालं की वजाबाकीची सवय मागे उरते आणि जग निळं दिसतं. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने याची १९२३ साली डॉ. शार्ल कुतेला यांनी शस्त्रक्रिया केली. त्याआधीच्या वर्षांतली त्याची चित्रं तांबूस-तपकिरी रंगांत बुडालेली आहेत आणि शस्त्रक्रियेनंतर सगळं निळं दिसतंय म्हणून तो वैतागला होता. रंगीत काचांचे चष्मे लावून पाहण्याची वेळ त्याच्यावर आली. जिव्हर्नीच्या तळ्याकाठचा तो जगप्रसिद्ध चित्रकार आणि धोतराच्या निळीवर बोट ठेवणारी माझी आजी एकाच अनुभवातून गेली होती. शिवाय नैसर्गिक भिंग अतिनील किरण अडवतं. भिंगाविना राहिलेल्या डोळ्यात तेही थोडे शिरतात, म्हणून त्या माणसांना उन्हाचा त्रास जास्त व्हायचा.

या सगळ्यात मला एक गोष्ट लागून राहिली आहे. आजीने जाड चष्मा लावला तेव्हा त्यावरचा उपाय जगात पंचवीसेक वर्षांपूर्वीच निघालेला होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांच्या पारदर्शक छतांचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले. लंडनचे डॉ. हॅरॉल्ड रिडली ते डोळे तपासत होते. त्यांच्या लक्षात आलं की पर्स्पेक्स नावाच्या त्या प्लास्टिकचे कण डोळ्यात पडून राहिले तरी डोळा त्यांना विरोध करत नाही. पुढे एका विद्यार्थ्याने मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बघताना त्यांना विचारलं, की काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरं का बसवत नाही? २९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट थॉमस रुग्णालयात रिडलींनी पहिलं कृत्रिम भिंग माणसाच्या डोळ्यात बसवलं. त्याचा नंबर बराच चुकला, पण भिंग डोळ्यात राहू शकतं हे सिद्ध झालं. नेत्रवैद्यकातल्या बड्या माणसांनी त्यांना कडाडून विरोध केला. डोळ्यातून परकी वस्तू काढायची असते, आत घालायची नसते, ही पिढ्यानपिढ्यांची शिकवण होती. विरोधाला अगदीच आधार नव्हता असं नाही, सुरुवातीच्या भिंगांनी गुंतागुंत बरीच केली. पण रिडलींची कल्पना बरोबर होती. त्यांना सर हा किताब मिळाला २००० साली, मृत्यूच्या एक वर्ष आधी. म्हातारपणी त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांतही कृत्रिम भिंगं बसवली गेली.

शस्त्रक्रियेचा काप लहान झाला तो न्यू यॉर्कच्या डॉ. चार्ल्स केलमन यांच्यामुळे. दंतवैद्याकडे दात साफ करून घेताना त्यांनी ध्वनिलहरींवर चालणारं हत्यार पाहिलं आणि १९६७ साली त्याच तत्त्वावर भिंगाचा आतल्या आत चुरा करून तो शोषून घ्यायची युक्ती काढली. पण न्यू यॉर्क आणि आमचा तालुका यांच्यात फार अंतर होतं. परदेशी भिंग घेणं आपल्याकडच्या शेतकरी माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं. तो अडसर दूर केला मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर, ५८व्या वर्षी, १९७६ साली ११ खाटांवर ते सुरू केलं. संधिवाताने त्यांची बोटं वाकडी झालेली होती आणि त्याच बोटांनी त्यांनी शस्त्रक्रिया केल्या. १९९२ मध्ये त्यांच्या अरोलॅबने भिंगं इथेच बनवायला सुरुवात केली आणि किंमत एकदम खाली आली. १९९४ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदूची मोठी मोहीम चालली. आपल्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तात्याराव लहाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियांची जी रांग लावली, ती सर्वांना ठाऊक आहे. आनंदवनातल्या त्यांच्या शिबिरांमुळे किती तरी विस्मृतीत गेलेल्या माणसांपर्यंत हे भिंग पोचलं. आजी या सगळ्याच्या आधीच गेली. ज्ञान होतं, पण तिच्यापर्यंत यायला त्याला आणखी पंधरा-वीस वर्षं लागणार होती. तिच्या पिढीतल्या लाखो माणसांनी तो मधला काळ जाड काचांमागे काढला.

आईचं ऑपरेशन काही वर्षांपूर्वी पुण्यात झालं. सकाळी गेलो, दुपारी जेवायला घरी होतो. डोळा बधिर करायला सुई नव्हती, नुसते थेंब. काप तीन मिलिमीटरहून लहान, टाका नाही. घडी घातलेलं भिंग त्या कापातून आत सरकवलं आणि ते आत जाऊन उलगडलं. त्याचा नंबर आधीच यंत्राने मोजून काढलेला होता. डॉक्टरांनी मोतीबिंदू पिकू द्यायचा विषयही काढला नाही, उलट आता फार कडक होऊ देऊ नका म्हणाले, कारण कडक भिंगाचा चुरा करणं अवघड जातं. दुसऱ्या दिवशी आई पेपर उघडून बसली. मला ते बघून जो आनंद झाला त्याला तोड नाही, आणि त्या क्षणी आजीची आठवण येऊन पोटात कालवलंही.

देशाचं चित्रही पालटलं. १९८६ ते ८९ च्या पाहणीत दर शंभरात जवळपास दीड माणूस अंध आढळलं होतं आणि त्यातल्या साधारण ८० टक्क्यांचं कारण मोतीबिंदू होतं. २०१५ ते १९ च्या पाहणीत हे प्रमाण ०.३६ टक्क्यांवर आलं. मधल्या काळात अंधत्वाची व्याख्या बदलली, त्यामुळे दोन आकडे सरळ शेजारी ठेवता येत नाहीत, पण घट खरी आहे. पन्नाशीपुढच्या अंध माणसांमध्ये मात्र आजही निम्म्याहून बऱ्याच अधिक जणांचं कारण मोतीबिंदूच आहे. म्हणजे कुठल्या तरी ओसरीवर कुणी तरी आजही बसलेलं आहे.

त्या बसून राहण्याची किंमत नजरेपुरती नव्हती, हे आता संशोधनाने दाखवलं आहे. आमचे आजोबा आडाच्या पायरीवर पडले आणि खुबा मोडून अंथरुणाला खिळले. सगळे म्हणाले, वय झालं. इंग्लंडमध्ये सत्तरीपुढच्या ३०६ बायकांवर झालेल्या एका चाचणीत काहींची एका डोळ्याची शस्त्रक्रिया लगेच केली आणि काहींची नेहमीच्या प्रतीक्षायादीप्रमाणे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात लगेच शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये पडण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी निघालं. अमेरिकेत तीन हजारांहून अधिक वृद्धांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवून २०२१ च्या शेवटी असं मांडलं गेलं, की मोतीबिंदू काढलेल्यांत स्मृतिभ्रंश होण्याचं प्रमाण सुमारे तीस टक्के कमी आढळतं. हे दुसरं नुसतं निरीक्षण आहे, कारण आणि परिणाम यांचा पक्का पुरावा नव्हे. तरीही ओसरीवर बसून हळूहळू बोलणं कमी करत गेलेली, सण-वार विसरत गेलेली किती तरी माणसं मला आठवतात आणि त्यांचं विसरणं कुठून सुरू झालं असेल हा प्रश्न पडतो.

इतकं सगळं चांगलं झालं असताना काय हरवलं? मला ते दिवस परत नकोत. वाळूच्या पिशव्या नकोत, ती भीती नको. पण तेव्हा घरातल्या सगळ्यांना कळत होतं की या माणसाला बघायला शिकवावं लागणार आहे. आज सगळे विचारतात, नंबर किती राहिला? आईने एका डोळ्यावर हात ठेवला, मग दुसऱ्यावर, आणि घाबरून म्हणाली, "या डोळ्याने भिंत पांढरी दिसते, त्या डोळ्याने पिवळट. काही बिघडलं का?" तिला ते कुणी आधी सांगितलं नव्हतं. दोन टोकांना दिसेल असं महागडं भिंग बसवून घेतलेल्या शेजारच्या काकांना रात्री गाडीच्या दिव्यांभोवती वलयं दिसू लागली आणि ते महिनाभर झोपले नाहीत. वर्षा-दोन वर्षांनी भिंगामागची पिशवी धुरकट झाली की लोक म्हणतात मोतीबिंदू पुन्हा आला. तो पुन्हा येत नाही, त्या पिशवीत लेसरने काही मिनिटांत खिडकी करता येते. शस्त्रक्रिया वीस मिनिटांवर आली, तेव्हा वाचलेल्या वेळातली दहा मिनिटं समजावून सांगण्यासाठी राखून ठेवायला हवी होती. बहुतेक ठिकाणी ती राखली गेली नाहीत आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बघायला शिकणं म्हणजे काय, हे आज सगळ्यांत स्पष्ट दिसतं ते जन्मतः मोतीबिंदू असलेल्या मुलांत. १६८८ साली आयर्लंडच्या विल्यम मॉलिनो यांनी जॉन लॉक या तत्त्वज्ञाला पत्रातून विचारलं होतं, की जन्मांध माणसाला हाताने गोल आणि घन ओळखता येत असेल, आणि त्याला अचानक दृष्टी आली, तर तो नुसतं बघून गोल कुठला आणि घन कुठला ते सांगू शकेल का? तीनशे वर्षं यावर वाद झाला. उत्तर मिळालं ते दिल्लीत. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे पवन सिन्हा यांनी प्रोजेक्ट प्रकाश सुरू केला. उत्तर भारतातल्या खेड्यांतून जन्मापासून न दिसणारी मुलं शोधायची, डॉ. श्रॉफ नेत्र रुग्णालयात त्यांची शस्त्रक्रिया करायची आणि ती बघायला कशी शिकतात ते समजून घ्यायचं. ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. हाताने चाचपलेला आकार डोळ्यांनी ओळखायला त्यांना सुरुवातीला जमलं नाही. काही दिवसांतच जमू लागलं. याच प्रकल्पातल्या आणखी एका अभ्यासात दिसलं, की स्थिर चित्रात कुठली वस्तू कुठे संपते ते या मुलांना कळत नाही, पण वस्तू हलली की ती चटकन वेगळी होते. मी हे वाचलं तेव्हा पुन्हा पाटासमोरचं फुलपात्र आठवलं. मी ते सरकवत असे तेव्हाच आजीचा हात ठीक जाई.

पण मुलांच्या बाबतीत वेळेचं गणित वेगळं आहे. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी मांजराच्या पिलांवर प्रयोग करून दाखवलं, की सुरुवातीच्या काळात डोळ्याला चित्र मिळालं नाही तर मेंदूतली त्याची जागा दुसरा डोळा बळकावतो. दृष्टीवरच्या अशा कामासाठी १९८१ चं नोबेल त्यांना वाटून मिळालं. म्हणून एका डोळ्यात जन्मतः दाट मोतीबिंदू असलेल्या बाळाची शस्त्रक्रिया सहाएक आठवड्यांच्या आत करायची असते. दिल्लीतल्या मुलांना उशिरा का होईना पुष्कळ दिसू लागलं हे आशेचं आहे, पण बारकावे त्यांना पूर्ण मिळाले नाहीत.

आणि इथेच तो जाड चष्मा अजून जिवंत आहे. सात महिन्यांच्या आतल्या बाळांच्या डोळ्यात भिंग बसवावं की नाही, याची अमेरिकेत ११४ बाळांवर चाचणी झाली. साडेचार वर्षांच्या वयात नजरेत फरक नव्हता, पण भिंग बसवलेल्यांना पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. म्हणून इतक्या लहान बाळांना बहुधा भिंगाविना ठेवतात आणि कॉन्टॅक्ट लेन्स किंवा चष्मा देतात. आजीचा अधिक दहा होता, या बाळांचा अधिक वीस किंवा त्याहून जास्त.

आईच्या तपासणीला गेलो असताना बालविभागात असा चष्मा लावलेलं एक बाळ होतं. डोक्यामागून इलॅस्टिक बांधलेलं. त्याची आई विदर्भातून एसटीने आली होती. तिला पक्कं माहीत होतं काय करायचं ते: चांगल्या डोळ्यावर रोज ठरलेले तास पट्टी, समोर रंगीत वस्तू हलवायच्या, बाळाने चष्मा ओढला की न रागावता पुन्हा लावायचा. नणंद आणि सासू पाळीपाळीने करतात म्हणाली. अडचण एकच होती. बाळाचा डोळा वाढतो तसा नंबर दर काही महिन्यांनी बदलतो आणि एवढ्या नंबरचा, एवढ्या लहान मापाचा चष्मा तिच्या तालुक्यात बनत नाही. प्रत्येक खेपेला पुण्याला यायचं, दोन दिवसांची मजुरी बुडवायची. शस्त्रक्रिया मोफत झाली होती. चष्माही तिच्या तालुक्याला, तिच्या नावाने, टपालाने पोचला पाहिजे.